वाळू कुठली ते नंतर, पाण्याचा वेग आधी

घरच्या पोहण्याच्या तलावासाठी फिल्टर घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न वाळूचाच विचारतो. ब्रह्मा घाटावर राहणाऱ्या माझ्या आतेभावानेही तोच विचारला. ब्रह्मा घाटाच्या गल्लीत तलाव कुठून होणार. समोरून सांड आला तर माणसाने कुणाच्या तरी ओट्यावर चढायचे, एवढीच तिथली रुंदी. तलाव होणार आहे सारनाथच्या पुढे, त्याच्या मुलाने घेतलेल्या जागेवर. पण घाटाच्या पायरीवर उभे राहिले की गंगेपलीकडे रेतीच रेती दिसते, आणि ती पाहतच त्याने फोन केला होता. ‘‘दादा, ही समोरची बालू धुऊन भरली तर? नाहीतर ती काचेची म्हणतात ती घ्यायची का?’’

दोन्हींचे उत्तर देतो, पण या आठवड्याचे सदर मला तिसऱ्याच प्रश्नासाठी वापरायचे आहे. तो कुणी विचारत नाही, आणि तलावाचे पाणी निवळ राहणार की गढूळ हे बरेचसे त्यावरच ठरते.

आधी गंगेची रेती. ती बारीक असते आणि तिच्यात अभ्रक असते. काचेच्या बरणीत मूठभर रेती आणि पाणी घालून हलवा, उन्हात धरा. चकाकणाऱ्या चपट्या पापुद्र्या वरच्या वर तरंगत राहतात. फिल्टरमध्ये या पापुद्र्या आडव्या बसून पाण्याची वाट अडवतात, आणि बारीक कण तळाच्या जाळीच्या फटींतून सरळ तलावात उतरतात. फिल्टरच्या वाळूचे भारतीय मानक आहे, आयएस ८४१९. शहरांच्या जलशुद्धीकरण केंद्रांतल्या जलद गाळण्यांसाठी वाळूचा परिणामी आकार ०.४५ ते ०.७० मिलिमीटर आणि एकसारखेपणाचा गुणांक १.३ ते १.७ धरतात. म्हणजे दाणे जवळजवळ एका मापाचे हवेत. लहानमोठे मिसळले की लहान दाणे मोठ्यांमधली पोकळी भरून टाकतात आणि मळ साठायला जागाच उरत नाही. शिवाय वाळू कठीण, गारेची हवी. व्हिनेगरचे चार थेंब टाकल्यावर फेस आला तर तिच्यात चुना आहे असे समजावे. कोकणातल्या किनाऱ्याची शिंपल्यांचा चुरा असलेली वाळू तिथेच बाद होते. आपल्याकडे बांधकामावर सर्रास येणारी क्रश सँडही नको, तिच्यात दगडाची भुकटी असते आणि दाणे कोनदार असतात. पिशवीवर दाण्याचे माप छापलेली, धुतलेली, चाळलेली फिल्टरची वाळू विकत मिळते. सगळ्या खर्चात तिचा वाटा इतका किरकोळ असतो की तिथे काटकसर करण्यात काही अर्थ नाही.

आता तो तिसरा प्रश्न: पाणी या वाळूतून किती वेगाने जाणार?

त्याचे महत्त्व कळायला काशीतच फार लांब जावे लागत नाही. ब्रह्मा घाटावरून नावेत बसून दक्षिणेला गेले की अस्सीच्या अलीकडे भदैनी लागते. राणी लक्ष्मीबाईंचे जन्मस्थान म्हणून मराठी यात्रेकरू आवर्जून जातात, तीच भदैनी. तिथेच नदीकाठी काशीच्या पाणीपुरवठ्याचे पंपघर आहे. गंगेचे पाणी इथून उचलून भेलूपूरला न्यायचे, तिथे ते निवळू द्यायचे, गाळायचे आणि मग शहराला सोडायचे, अशी ही योजना १८९२ साली सुरू झाली. त्याच्या आदल्याच वर्षी, एप्रिल १८९१ मध्ये, पंपघराच्या जागेलगतच्या राममंदिराला धोका आहे या समजातून शहरात मोठा दंगा उसळला होता. इतक्या तणावातून आलेले ते पाणी गाळले जायचे ते संथ वाळूच्या गाळण्यांवर. अशा गाळणीत पाणी तासाला जेमतेम दहा सेंटिमीटर खाली उतरते. एवढ्या संथ वेगामुळे वाळूच्या वरच्या थरावर सूक्ष्मजीवांचा जिवंत पापुद्रा धरतो, आणि जंतू तोच खातो.

त्याच १८९२ साली जर्मनीत या गोष्टीची परीक्षा झाली. एल्ब नदीवरच्या हॅम्बुर्ग शहराला नदीचे पाणी न गाळता मिळत होते. शेजारचे आल्टोना हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाला असल्याने हॅम्बुर्गची घाण पोटात घेतलेले पाणी उचलत होते, पण ते संथ वाळूतून गाळून. कॉलऱ्याने हॅम्बुर्गमध्ये साडेआठ हजारांहून जास्त माणसे गेली आणि आल्टोना बहुतांशी वाचले. रोगजंतूशास्त्राचा पाया घालणाऱ्या रॉबर्ट कॉख यांनी या साथीचा अभ्यास केला आणि गाळण्याच्या वेगाला मर्यादा हवी असा आग्रह धरला. दोन्हीकडे नदी एकच होती. फरक पडला तो वाळूने, आणि पाणी तिच्यातून सावकाश सोडण्याने.

घरच्या तलावाचा फिल्टर त्या वेगाने चालणार नाही, हे उघड आहे. तेवढ्या वाळूला तलावापेक्षा मोठी जागा लागेल. पण बाजारातले छोटे फिल्टर तासाला ५० मीटरपर्यंतच्या वेगावर विकले जातात, म्हणजे संथ गाळणीच्या पाचशेपट. सार्वजनिक तलावांसाठी जाणकार २५ मीटरच्या वर जाऊ नका म्हणतात. घरी हीच मर्यादा पाळायला काहीच हरकत नाही, आणि माझे सांगणे एवढेच आहे की ती पाळाच.

भावाच्या तलावाचा हिशेब करून पाहू. लांबी ८ मीटर, रुंदी ४, सरासरी खोली १.४. पाणी झाले सुमारे ४५ घनमीटर, म्हणजे ४५ हजार लिटर. ते सहा तासांत एकदा फिल्टरमधून जायचे तर तासाला साडेसात घनमीटर प्रवाह हवा. विक्रेता इथे ४५० मिलिमीटर व्यासाचा फिल्टर सुचवील, आणि त्याच्या तक्त्यानुसार ते बरोबरही असेल. पण त्यात वेग पडतो तासाला ४७ मीटर. व्यास ६५० घेतला की वाळूचे क्षेत्रफळ दुपटीहून जास्त होते आणि वेग उतरतो २३ मीटरवर. पंप तोच, वीज जवळपास तेवढीच, फक्त टाकी मोठी. काचेच्या माध्यमावर जो जास्तीचा पैसा जाणार तो या टाकीवर घालावा.

मात्र मोठ्या फिल्टरची एक अडचण आहे, आणि विक्रेते ती क्वचितच सांगतात. बॅकवॉश करताना पाणी उलटे, खालून वर सोडून वाळूचा थर उचलायचा असतो. त्यासाठी तासाला निदान ३० मीटर वेग लागतो. ६५० व्यासाला हे होतात तासाला दहा घनमीटर, आणि साडेसात घनमीटरचा पंप ते देऊ शकत नाही. मग वाळू नुसती ओली होते, उचलली जात नाही. मळ आतच राहतो, वर्षभरात गोळे धरतात, आणि पाणी त्या गोळ्यांच्या कडेने पळवाट काढते. तेव्हा पंप कमी-जास्त वेगाचा घ्यावा: रोज गाळायला मंद, धुवायला जोरात. दाबाच्या काट्यावर स्वच्छ फिल्टरचा आकडा लिहून ठेवावा आणि काटा त्याच्या अर्धा बार वर गेला की धुवावे. उगाच रोज धुऊ नये, थोडा मळ साठलेली वाळू जास्त बारीक गाळते. धुऊन झाल्यावर व्हॉल्व्ह ‘रिन्स’वर ठेवून मिनिटभर पाणी बाहेर सोडायला विसरू नये, नाहीतर उरलेला गढूळपणा तलावात परत येतो.

आता माध्यमांबद्दल. दाण्यांचे माप नीट असलेली, कडा गुळगुळीत केलेली काच चांगलीच असते. वजनाला वाळूपेक्षा थोडी कमी लागते आणि तिच्यावर बुळबुळीत थर कमी धरतो असे म्हणतात. पण फुटलेल्या बाटल्यांचा नुसता चुरा कुणी काच म्हणून देऊ लागला तर हात लावू नका. झिओलाइटचे नाव आपल्याकडे वेगळ्या कारणाने परिचयाचे आहे. दख्खनच्या काळ्या खडकातून, नाशिक-जळगाव भागातून निघणारे त्याचे देखणे स्फटिक जगभरचे संग्राहक घेतात. फिल्टरमधला झिओलाइट मात्र वेगळा, ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला. तो अमोनिया शोषतो हा त्याचा खरा गुण, पण मिठाच्या पाण्यातून क्लोरीन तयार करणाऱ्या तलावात तो गुण चालत नाही. डायटम मातीची पूड सगळ्यांत बारीक गाळते, पण दर धुण्यानंतर नवी पूड घालावी लागते आणि तिची धूळ फुप्फुसाला वाईट. घरात लहान मुले असतील तर मी ती सुचवणार नाही. राहिला कार्ट्रिज. त्याच्या घडीघडीच्या कापडाचे क्षेत्रफळ मोठे, म्हणून वेग आपोआपच कमी. त्याला बॅकवॉश नाही, बाहेर काढून नळीने धुवायचा. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या मराठवाड्यातल्या गावात कुणाला तलाव बांधायचाच असेल तर वाळूऐवजी हाच बरा. काशीला मे महिन्यात लू सुटते, तेव्हा हवेतल्या धुळीने तो दोन दिवसांत भरून जाईल, म्हणून भावाला वाळूच सांगितली.

साध्या वाळूत २०-३० मायक्रॉनपेक्षा बारीक कण नीट अडकत नाहीत. पावसाळ्यात गंगा चढून ब्रह्मा घाटाच्या पायऱ्या बुडवते आणि उतरताना जो गाळ ठेवून जाते, तो किती बारीक असतो हे घाट धुणाऱ्यांना माहीत आहे. असे कण एकत्र आणायला तुरटी लागते. आपल्या आज्या माठात तुरटी फिरवायच्या, भेलूपूरसारख्या मोठ्या केंद्रांत तुरटी लागते, आणि तलावासाठी तिचाच भाऊबंद पॉलिॲल्युमिनिअम क्लोराइड अगदी थोड्या प्रमाणात सोडतात. क्लोरीनला दाद न देणारा क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जुलाबाचा परजीवी ४ ते ६ मायक्रॉनचा असतो. वाळूत तो अडकला तर असल्या मदतीनेच अडकतो. पण तुरटीने धरलेले पुंजके नाजूक असतात. ४७ मीटरच्या वेगात ते फुटतात आणि वाळूतून पार जातात. उत्तम वाळू आणि उत्तम रसायन आणूनही पाणी धूसर का, असे लोक विचारतात, तेव्हा बहुतेक वेळा कारण हेच असते.

आणि पाणी निवळ दिसले म्हणजे शुद्ध झाले असे नाही. काशीत हे सांगण्यासाठी एका माणसाने आयुष्य वेचले. संकटमोचन मंदिराचे महंत आणि जलअभियांत्रिकीचे प्राध्यापक वीरभद्र मिश्र यांनी १९८२ साली संकटमोचन फाउंडेशन उभारले, आणि तुळशी घाटावरच्या प्रयोगशाळेत गंगेतले विष्ठाजन्य जंतू मोजायला सुरुवात झाली. ते स्वतः रोज गंगास्नान करत. भक्ती सोडली नाही आणि मोजणीही सोडली नाही. आंघोळीच्या पाण्यात असे जंतू १०० मिलिलिटरला ५०० पर्यंत असावेत, फार तर २५००, अशी आपल्या देशातली मर्यादा आहे. जलद वाळू जंतू मारत नाही. भेलूपूरच्या जुन्या गाळणीतला तो जिवंत पापुद्रा इथे धरतच नाही. म्हणून तलावात मोकळा क्लोरीन दर लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम आणि सामू ७.२ ते ७.८ हे रोज तपासावेच लागते, फिल्टर कितीही महागाचा असो.

एका बॅकवॉशला पाच मिनिटांत आठशे लिटरच्या वर पाणी जाते. ते गटारात सोडू नये. छोटी टाकी बांधून दोन-तीन दिवस उघड्यावर ठेवले की क्लोरीन उडून जातो, गाळ तळाशी बसतो आणि वरचे पाणी झाडांना चालते. तलाव मिठाच्या पाण्याचा असेल तर मात्र झाडांना घालू नये.

भावाने परवा वास्तुविशारदाचा नकाशा पाठवला. तलाव ऐसपैस, भोवती फरशी, बसायला छत्र्या, आणि पंपघर जिन्याखालच्या उरलेल्या कोपऱ्यात, चार फूट बाय तीन फूट. छोटे फिल्टर खपतात ते असल्या नकाशांमुळे. तिथे मोठी टाकी आतच जात नाही, मग घरमालकाने काय निवडायचे? मी त्याला कळवले आहे की पायाचे खोदकाम सुरू होण्याआधी पंपघर निदान आठ फूट बाय सहा फूट करून घे, फिल्टरच्या डोक्यावर तीन फूट मोकळे ठेव म्हणजे वाळू भरता-काढता येईल, आणि बॅकवॉशच्या टाकीची जागा त्याच नकाशात आताच आखून घे.