एक्सप्लेनर: ‘सॅम्पल’वालं रॅप परत आलंय, वाशिमच्या पोरांसाठी त्यात काय आहे?

न्यूयॉर्कचा रॅपर नास आणि संगीतकार डीजे प्रीमियर यांचा ‘लाइट-इयर्स’ हा अल्बम १२ डिसेंबर २०२५ रोजी आला. १९९४ च्या ‘इलमॅटिक’मध्ये दोघं एकत्र होते, पूर्ण अल्बम सोबत करायला मात्र तीन दशकं लागली. २०२० ते २०२३ मध्ये हिट-बॉय या निर्मात्यासोबत सहा अल्बम केल्यावर पन्नाशी ओलांडलेला नास पुन्हा जुन्या तबकड्यांचे तुकडे आणि खरखरीत ड्रम यांच्याकडे वळलाय. मोबाइलवर वऱ्हाडी रॅप करणाऱ्या पोरांना यातून घेण्यासारखं बरंच आहे.

सॅम्पल म्हणजे काय?

जुन्या रेकॉर्डिंगमधला दोन-चार सेकंदांचा तुकडा कापायचा, त्याचा वेग बदलायचा, तो पुन्हा पुन्हा वाजवायचा आणि त्यावर रॅप करायचं.

आवाज खरखरीत का येतो?

१९८७ मध्ये आलेल्या ‘एसपी-१२००’ या यंत्रात जेमतेम १० सेकंदांचा आवाज मावायचा, तोही १२ बिटचा. जागा वाचवण्यासाठी निर्माते ३३ च्या वेगाची तबकडी ४५ वर फिरवून भरायचे आणि मग आवाज खाली उतरवायचे. त्यात आवाज खरबरीत व्हायचा. तेव्हाची अडचण आज स्टाइल झाली. म्हणूनच या रॅपला महागडा स्टुडिओ लागत नाही. साधा फोन आणि चांगला कान पुरतो.

कोणतंही गाणं कापता येतं का?

नाही. २००२ मध्ये ट्रुथ हर्ट्स या अमेरिकी गायिकेच्या ‘ॲडिक्टिव्ह’ गाण्यात लता मंगेशकरांच्या ‘थोडा रेशम लगता है’चा तुकडा न विचारता वापरला गेला. संगीतकार बप्पी लाहिरी यांचं नाव कुठेच नव्हतं. प्रकरण अमेरिकेतल्या कोर्टात गेलं आणि त्यांचं नाव दिल्याशिवाय विक्री करायला बंदी आली.

भारतात रेकॉर्डिंगवरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो. शब्द आणि चाल यांवरचा हक्क मात्र गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं राहतो. त्यामुळे गाणं जुनं असलं तरी दोन्ही बाजू तपासाव्या लागतात. ‘पाच सेकंद घेतले तर चालतं’ असा कोणताही नियम कायद्यात नाही.

मग सॅम्पल आणायचं कुठून?

आपल्याच गावातून. पोहरादेवीचा नगारा, तांड्यावरची होळीतली लेंगी, खंजिरी भजन, जात्यावरची ओवी: यातलं कितीतरी अजून कोणी नीट रेकॉर्डही केलेलं नाही. पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. पण नगारा फक्त संग्रहालयात बघायची गोष्ट राहू नये. तो पोरांच्या बीटमध्येही वाजला पाहिजे. वऱ्हाडी बोलीत दम आहे, हे शेजारच्या अमरावतीच्या सौरभ अभ्यंकरने ‘एमटीव्ही हसल’च्या मंचावर दाखवून दिलंय. बोली आपली आहे, तर ठेका न्यूयॉर्कच्या तबकडीतून उचलायची गरज काय?

इथे एक पथ्य पाळायलाच हवं. पारंपरिक गाण्याला एकच एक मालक नसतो, पण गाणाऱ्या आजीचा आवाज तिचाच असतो. कायदा गायक-वादकालाही त्याच्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क देतो. तांड्यावरच्या आजीची लेंगी रीलवर लाखो लोकांनी ऐकावी आणि तिचं नावही कुठे नसावं, हे ‘ॲडिक्टिव्ह’सारखंच झालं. लाहिरींना वकील करता आला. आजी कुणाकडे जाणार?

अपलोड करण्याआधी एवढं करा

- गाणाऱ्याला गाणं कशासाठी वापरणार ते सांगा आणि लेखी होकार घ्या.
- गाण्याच्या माहितीत त्यांचं नाव आणि गाव टाका.
- कमाई झाली तर वाटा किती, हे आधीच ठरवा.
- कुणी आधी रेकॉर्ड केलेलं गाणं घेत असाल, तर त्या निर्मात्याचीही परवानगी घ्या.