लॅपटॉप नाही? मग फोनवर पायथॉन!



जून उजाडला की एक प्रश्न ठरलेला. "मुलीनं कॉम्प्युटर सायन्स घेतलंय, लॅपटॉप घ्यावाच लागेल का?" यंदा तो लोंढ्याहून, माझ्या मावसबहिणीकडून आला. मुलगी पीयूसीच्या पहिल्या वर्षाला. तीस-चाळीस हजार एकदम काढणं घराला जमणारं नाही. फोन मात्र घरात दोन आहेत. मी म्हटलं, "ताई, यंदा लॅपटॉप राहू दे. फोनवर पायथॉन घालून दे तिला."

तिला वाटलं मी थट्टा करतोय. फोन म्हणजे रील्स आणि व्हॉट्सॲप, त्यावर कसला अभ्यास?

पायथॉन ही स्क्रिप्टिंग भाषा. म्हणजे आपण ओळ लिहायची आणि इंटरप्रिटर नावाच्या प्रोग्रॅमनं ती वाचून लगेच करून दाखवायची. गिडो व्हान रॉसम या डच माणसानं ती १९९१ मध्ये लोकांसमोर आणली, अर्थातच टेबलावरच्या कॉम्प्युटरसाठी. पण हा इंटरप्रिटर फोनवर बसवला की तीच भाषा, तीच ओळ, तेच उत्तर. तेव्हाच्या कॉम्प्युटरपेक्षा आजचा साधा फोन कितीतरी ताकदवान आहे.

खरी अडचण ताकदीची नव्हतीच, परवानगीची होती. नोकियानं २००५ च्या सुमारास आपल्या एस६० फोनांसाठी पायथॉन दिलं होतं. बटणांच्या फोनवर लोक प्रोग्रॅम लिहीत. २००९ मध्ये गूगलमधल्या डेमन कोहलर या इंजिनिअरनं अँड्रॉइडवर पायथॉन आणि लुआ चालवून दाखवलं. ॲपलनं मात्र एप्रिल २०१० मध्ये अट घातली, की आयफोनची ॲप्स ठरावीक भाषांतच मुळापासून लिहिलेली हवीत. ओरड झाल्यावर सप्टेंबरात ती सैल केली. अँड्रॉइडनंही पुढे सुरक्षेसाठी दारं आवळली. सुरक्षेचं कारण खोटं नाही, पण आपण विकत घेतलेल्या यंत्रावर आपण लिहिलेलं चालवायला इतक्या खटपटी कराव्या लागाव्यात, हे मला आजही पटत नाही. असो. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या पायथॉन ३.१३ पासून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही पायथॉनच्या अधिकृत यादीत आहेत.

भाचीच्या फोनवर आम्ही पायड्रॉइड ३ घातलं. प्ले स्टोअरवर मिळतं, जाहिराती दाखवतं, पण एकदा उतरवलं की इंटरनेट लागत नाही. लोंढ्याला हे फार मोलाचं. पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि गाडी कॅसलरॉकच्या पुढे बोगद्यांत शिरली की रेंजही जाते. चार्ज केलेल्या फोनला त्याचं काही नाही. ज्यांना आणखी खोलात जायचंय त्यांनी टर्मक्स बघावं. ते मात्र प्ले स्टोअरऐवजी एफ-ड्रॉइडवरून घेतलेलं बरं.

पहिले दोन दिवस तिनं पाढे छापले. तिसऱ्या दिवशी आईच्या बचत गटाची वही घेतली. पाच हजारांचं कर्ज, महिना दोन टक्के, दहा हप्ते. दर महिन्याला पाचशे मुद्दल फिटतं. उरलेल्या मुद्दलावर व्याज धरलं तर पहिल्या महिन्याला शंभर, मग नव्वद, मग ऐंशी, असं एकूण ५५० रुपये. पण सगळे महिने पूर्ण पाच हजारांवरच धरलं तर १,००० रुपये! आठ ओळींचा प्रोग्रॅम, पण ताईनं तो पुढच्या बैठकीत सगळ्यांना दाखवला. गट आजवर कुठल्या पद्धतीनं व्याज घेत होता, यावर मग चांगलीच चर्चा झाली म्हणे.

आणखी एक गंमत. पायथॉनमध्ये नावं मराठीत ठेवता येतात. 'मुद्दल', 'व्याज', 'हप्ता' असं देवनागरीत लिहिलं तरी चालतं. गणितात आकडे मात्र इंग्रजीच लिहावे लागतात, मराठी आकडा टाकला की चूक दाखवतो. आणि 'लोंढा' या शब्दात अक्षरं किती, असं विचारलं तर उत्तर येतं पाच! ल, ओकाराची मात्रा, अनुस्वार, ढ आणि काना, सगळे वेगळे मोजतो. आपल्याला तर दोनच दिसतात. भाचीनं यावर मला उलट प्रश्न विचारला: "मामा, मग मराठी शब्द उलटा लिहायला सांगितला तर काना-मात्रा कुठं जातील?" तुम्हीही करून बघा.

फोनला मर्यादा आहेतच. बोटांनी कंस आणि ओळीआधीच्या मोकळ्या जागा टाकताना जीव मेटाकुटीला येतो, आणि पायथॉनला त्या जागा नेमक्याच लागतात. स्क्रीन बंद झाली की लांबलेला प्रोग्रॅम फोन स्वतःच गुंडाळतो. परीक्षेच्या आधी कॉलेजच्या लॅबमध्ये खऱ्या कीबोर्डवर सराव हवाच. तोवर घरी ओटीजीची छोटी पिन आणून जुना यूएसबी कीबोर्ड फोनला जोडा. बहुतेक फोनांना चालतो. घेण्याआधी तेवढं दुकानातच लावून बघा.