संग्रह म्हणजे गोदाम नव्हे

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज गायनाविषयी लिहिताना एका व्यासंगी गृहस्थांनी नुकताच असा फैसला देऊन टाकला आहे, की ५२ तबकड्यांच्या आणि हजाराहून अधिक गाण्यांच्या पेट्या विकत घेऊन जे हे संगीत ऐकू पाहतात, ते रसिक नसून गोदामाचे कारकून होत. त्यांची कैफियत थोडक्यात अशी: जाणकाराने एकेका कलावंताचा मूळ अल्बम घ्यावा आणि तो अथपासून इतिपर्यंत ऐकावा, कारण संकलन हे कलाकृतीचे तुकडे करते, शिवाय ब्लूज म्हणजे तेच ते बारा आवर्तनांचे गाणे असल्यामुळे रॉबर्ट जॉन्सन ऐकला की सारे ऐकल्यासारखे आहे, आणि दीनांच्या दुःखाची अशी घाऊक विक्री अभिरुचीला शोभत नाही. लेखातील आत्मविश्वास पाहून वाचकाला वाटावे, की मिसिसिपीच्या खोऱ्यातले सारे दप्तर लेखकाने चाळले असावे. ते त्यांनी चाळलेले नाही, हे दाखवणे मला भाग आहे.

प्रथम या मूळ अल्बमाचीच चौकशी करू. १९२०च्या ऑगस्टमध्ये मॅमी स्मिथने ‘क्रेझी ब्लूज’ गायिले आणि त्या तबकडीच्या खपाने कंपन्यांना एका नव्या गिऱ्हाइकाचा शोध लागला, तेव्हापासून पुढची जवळजवळ तीस वर्षे हे संगीत ज्या रूपाने लोकांच्या घरात गेले ते रूप म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी, लाखेची, दहा इंची तबकडी: दोन बाजू, दोन गाणी, आणि प्रत्येकाला सुमारे तीन मिनिटांची मुदत. लाँग-प्ले तबकडी बाजारात आली ती १९४८ साली. त्या वेळी ब्लाइंड लेमन जेफर्सनला जाऊन अठरा वर्षे आणि चार्ली पॅटनला जाऊन चौदा वर्षे लोटली होती. ज्यांच्या हयातीत ती वस्तूच अस्तित्वात नव्हती, त्यांचा मूळ अल्बम आणावा तरी कोठून? आणि ज्या जॉन्सनचा दाखला हे गृहस्थ पुनःपुन्हा देतात, त्याची हकीकत तर त्यांच्या पक्षाला सर्वस्वी प्रतिकूल आहे. जॉन्सनने १९३६च्या नोव्हेंबरात सॅन अँटोनिओ येथे आणि १९३७च्या जूनमध्ये डॅलस येथे मिळून २९ गाणी मुद्रित केली, आणि १९३८च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी तो वारला. ‘किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स’ ही जी तबकडी आमचे प्रतिपक्षी मूळ संहितेच्या आसनावर बसवतात, ती त्याच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी, १९६१ साली, कंपनीच्या माणसांनी त्या २९ गाण्यांतली सोळा निवडून सिद्ध केली. निवड त्याची नाही, क्रम त्याचा नाही, आणि त्या बिरुदाचा उच्चारही त्याच्या कानी कधी पडला नाही. संकलनाचा निषेध ज्या पुराव्यावर उभारला, तो पुरावाच संकलन निघाला. यापुढे हा मुद्दा रद्दबातल समजावा.

(आपल्याकडेही तीन मिनिटांच्या तबकडीवरून एके काळी असाच वाद माजला होता. तासभर रंगणारा ख्याल एका बाजूत कोंबला, सबब ते गाणेच नव्हे, असे सांगणारे तेव्हा बैठकीत पुढे बसत. आज त्या पिढीतील कित्येक गायकांचा आवाज आपल्याला ऐकू येतो तो केवळ त्या तबकड्यांमुळेच.)

मूळ या शब्दाचा मोह ज्यांना सुटत नाही, त्यांनी पॅरामाउंट या तबकडी-कंपनीची कथाही ध्यानात घ्यावी. विस्कॉन्सिनमधील एका खुर्च्यांच्या कारखान्याने आपली फोनोग्राफची कपाटे खपावीत म्हणून काढलेली ही शाखा. पॅटन, सन हाउस, स्किप जेम्स यांचे गाणे आपल्याला लाभले ते तिच्यामुळे, परंतु धंदा बसल्यावर धातूचे मूळ साचे बहुतांशी नाहीसे झाले. आज आपण ऐकतो ते कोणाच्या तरी घरात झिजून झिजून उरलेल्या प्रतींवरून, खरखरीसकट. त्या प्रती वेचणारे संग्राहक झाले नसते तर अभिरुचीचा हा सारा वाद कशावर घालणार होतो? १९५२ साली हॅरी स्मिथ याने जुन्या तबकड्यांमधून ८४ गाणी निवडून लोकसंगीताचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यात १९२८ साली गाऊन विस्मृतीत गेलेल्या मिसिसिपी जॉन हर्टची दोन गाणी होती. त्या गाण्यांनी हर्टचे नाव पुन्हा कानांवर घातले, पुढे ‘ॲव्हलॉन ब्लूज’ या त्याच्याच गाण्यातल्या गावाच्या नावावरून १९६३ साली लोक त्याच्या दारी पोहोचले, आणि सत्तरीला आलेला तो शेतमजूर त्याच वर्षी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवाच्या मंचावर गायला. संग्रहाने गाण्याचे तुकडे केले, असे ज्यांना म्हणायचे असेल त्यांनी ते हर्टपुढे उभे राहून म्हणायला हवे होते.

घाऊक विक्रीच्या आक्षेपाला एक वाक्य पुरे: हे संगीत तबकडीवर आले त्या दिवसापासून विकलेच जात होते, गायकाच्या हाती त्यातले फारच थोडे पडले, आणि आपण ऐकणे थांबवल्याने तो अन्याय फिटत नाही. साचा एकच असल्याची तक्रारही तशीच. एक ओळ दोनदा म्हणून तिसरीत तिला उत्तर द्यावयाचे, हा बहुतेक ब्लूजचा साचा खरा, पण जात्यावरच्या ओवीचाही साचा एकच असतो, आणि म्हणून एका बाईची ओवी ऐकली की सगळ्या बायकांचे दुःख ऐकून झाले असे कोणी म्हणत नाही.

एक दोष मात्र मी मान्य करतो. या पेट्या पुष्कळदा गायकांच्या आद्याक्षरांनुसार लावलेल्या असतात, आणि वर्णमालेला काळाचे वा गुरुपरंपरेचे ज्ञान नसते. तो क्रम ऐकणाऱ्याने स्वतः लावून घ्यावा. ५२ तबकड्या आणि वर्षाचे ५२ आठवडे असा हिशेब धरून मी एक वर्ष काढले, आणि मला जे मिळाले ते एकेकट्या गायकाच्या तबकडीतून मिळाले नसते: चीज एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात कशी जाते, ते कळले. सन हाउसने १९३० साली ‘माय ब्लॅक मामा’ गायिले. त्यातूनच जॉन्सनचे ‘वॉकिन ब्लूज’ निघाले. तीच चाल १९४१ साली लोकगीतांचा संग्राहक ॲलन लोमॅक्सने मिसिसिपीतील स्टोव्हॉलच्या मळ्यावर मडी वॉटर्सच्या तोंडून टिपली, आणि १९४८ साली शिकागोत विजेच्या गिटारवर मडीने ती पुन्हा गायिली. एकटा जॉन्सन ऐकणाऱ्याला या चालीचे मागचेही दिसत नाही आणि पुढचेही.

वाचकांना माझी विनंती आहे, की माझ्या वा प्रतिपक्षाच्या शब्दावर न जाता त्यांनी एवढे करून पाहावे: स्किप जेम्सचे १९३१चे ‘ट्वेंटी-टू ट्वेंटी ब्लूज’ पियानोवरचे आधी लावावे, आणि लागलीच जॉन्सनचे १९३६चे ‘थर्टी-टू ट्वेंटी ब्लूज’ गिटारवरचे. दोन्ही मिळून सुमारे सहा मिनिटे लागतात.