चलनशुद्धि आणि न्याय

महायुद्धांत पराभूत झालेल्या जर्मनीच्या पश्चिम भागाचें १९४८ साल व्यापारीवर्गानें अवश्य अभ्यासावें. ता. २० जून रोजीं जेत्या राष्ट्रांनीं निःसत्त्व झालेलें जुनें चलन रद्द करून माणशीं प्रथम ४० नवे मार्क दिले. लागलीच पुष्कळ जिनसांवरील भावनियंत्रण उठलें आणि रिकामीं दुकानें रातोरात भरलीं! माल होताच, तो दडविलेला होता. मात्र बँकेंतील शंभर मार्कांच्या ठेवीचे अखेर साडेसहाच उरले; घर, जमीन, कारखाना बाळगणारांचें धन शाबूत राहिलें. महागाईविरुद्ध नोव्हेंबरांत कामगारांनीं संप केला. नुकसानभरपाईचा व्यापक कायदा १९५२ सालीं झाला. चलनशुद्धि आवश्यक होती, याबद्दल दुमत नाहीं. परंतु साठेबाजानें नफा मोजावा व काटकसर करणारानें भुर्दंड भरावा, ही सुधारणा अर्धीच होय. नाणें शुद्ध करावयाचें तर न्यायही त्याच दिवशीं झाला पाहिजे.