मृत्युदिन ठरवतो कोण?

यंत्र झिजले म्हणजे बदलावे, हा घसाऱ्याचा साधा नियम. संगणकाच्या कार्यप्रणालीला झीज नाही. तिचा मृत्युदिन विक्रेत्याच्या कचेरीत ठरतो. विंडोज सर्व्हर २००८चा ठरला १४ जानेवारी २०२०, सेंटओएस ७चा ३० जून २०२४. त्यानंतरही यंत्र पूर्ववत् चालते. फक्त नवे छिद्र सापडले तर ते बुजवण्यास कोणी बांधील राहत नाही.

अशा यंत्रावर ग्राहकांचे व्यवहार चालवणारा चालक म्हणतो, “टॉमकॅट नवे घातले आहे, मग चिंता कसली?” जुन्या वाड्याच्या माडीला नवे कुलूप लावले म्हणून तळमजल्याचे खिंडार बुजत नाही. शिवाय हा युक्तिवाद फार काळ टिकतही नाही. टॉमकॅट ११ला किमान जावा १७ लागते, आणि मेलेल्या प्रणालीसाठी नव्या आवृत्त्या तयार करण्याचे हळूहळू सारेच थांबवतात.

सर्व्हरच्या खोलीत शिरलेला चोर काय करू शकतो, हे पुण्याला सांगावे लागू नये. ऑगस्ट २०१८मध्ये कॉसमॉस या शतकाहून जुन्या सहकारी बँकेतून ९४ कोटींहून अधिक रुपये दोन दिवसांच्या व्यवहारांत गेले. तो प्रकार कालबाह्य प्रणालीच्या खात्यावर मांडण्याचे कारण नाही. पण त्याआधी दोनच महिने रिझर्व्ह बँकेने एटीएममधील आधार संपलेल्या प्रणाली जून २०१९पर्यंत टप्प्याटप्प्याने बदलण्याचा आदेश काढला होता. विंडोज एक्सपीचा आधार तर एप्रिल २०१४मध्येच संपला होता. चार वर्षे संचालक मंडळे कशाची वाट पाहत होती?

कारण हिशेबाच्या वहीत आहे. खरेदी भांडवली खर्चात बसते, तिच्या उद्घाटनाची फीत कापता येते. देखभाल महसुली खर्चात जाते, आणि तिला फीत नसते.

तथापि सारा दोष गरीब संस्थांच्या माथी मारणे हा सोयीचा न्याय झाला. विंडोज सर्व्हर २००८ची ठिगळे मुदतीनंतरही तीन वर्षे तयार होत होती, पैसे मोजणाऱ्यांसाठी! म्हणजे दुरुस्ती अशक्य नव्हती, ती विकाऊ होती. फुकटच्या भरवशाचीही गत तीच झाली. सेंटओएस ८ला २०२९पर्यंत आधार मिळणार होता. डिसेंबर २०२०मध्ये रेड हॅटने तो २०२१च्या अखेरीस संपेल असे जाहीर केले. रेड हॅट २०१९पासून आयबीएमच्या मालकीची आहे.

आयबीएम! १९७८ साली परकीय चलन कायद्याखाली भागभांडवल कमी करण्यास नकार देऊन याच कंपनीने भारतातला गाशा गुंडाळला. जॉर्ज फर्नांडिस तेव्हा उद्योगमंत्री होते. देशभरच्या आयबीएम यंत्रांची देखभाल सीएमसी या सार्वजनिक कंपनीने उचलली आणि कारभार बंद पडला नाही. देखभाल हे कौशल्याचे श्रम आहेत व ते समाजाला संघटित करता येतात, याचा तो रोकडा पुरावा होता. पुढे २००१मध्ये सीएमसीच खाजगी हाती गेली, हे त्या पुराव्यावरचे आपले भाष्य.

नागरी सहकारी बँकांची छत्रसंस्था २०२४मध्ये उभी राहिली आहे. प्रत्येक निविदेत आधार संपण्याची तारीख लिहिणे बंधनकारक करावे, त्या तारखेपर्यंतच्या देखभालीची तरतूद खरेदीच्याच ठरावात असावी आणि लहान बँकांसाठी सामाईक तंत्रज्ञांचे पथक ठेवावे, ही मागणी सभासदांनी येत्या वार्षिक सभेत करावयास हवी. लाभांशाच्या टक्क्यावर तासभर वाद घालणाऱ्यांना त्यासाठी दहा मिनिटे निघणे कठीण नाही.