सावित्रीची दोन टोके

शनिवार-रविवारची सुटी साधून महाडहून एकटाच हरिहरेश्वरला जाऊन आलो. महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री पोलादपूर, महाडवरून येथेच सागराला मिळते. तिच्या दोन्ही टोकांना पर्यटकांची झुंबड. मधल्या गावांच्या नशिबी मात्र पूर. ऑगस्ट २०१६ मध्ये पूल वाहून गेला, जुलै २०२१ मध्ये महाड बुडाले.

स्पेनमधील बार्सिलोना या किनारी शहरात जुलै २०२४ मध्ये वाढत्या घरभाड्यांनी त्रासलेल्या रहिवाशांनी पर्यटकांवर पिचकाऱ्या मारल्या. आपले दुखणे उलटे आहे. रायगड, चवदार तळे पाहून पाहुणा बहुधा संध्याकाळीच परततो. मुक्कामच नसेल, तर गावाला मिळकत कोठून होणार? पर्यटनाचा विचार केवळ किनाऱ्यापुरता न करता सबंध सावित्री खोऱ्याचा व्हायला हवा. त्यात पूरनियंत्रणाला पहिले स्थान हवे.