मोकळी जागा आणि रिकामी जागा

भोरहून रायरेश्वराकडे जाताना आंबवडे लागते. नागेश्वराचे देऊळ, संस्थानकाळातला झुलता पूल आणि कान्होजी जेध्यांची समाधी ही येथे येणाऱ्या पाहुण्यांची ठिकाणे. आम्ही लिहिणार आहोत ते यांपैकी कशावरही नाही. आमच्या आंबवड्याच्या घराला लागून, जुनी पडवी पाडून, काही वर्षांपूर्वी एक गॅरेज बांधले गेले. त्यावरून घरात जो वाद सुरू आहे, त्याविषयी हे टिपण आहे. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु घराच्या रचनेतून त्या घरातील माणसांचे एकमेकांशी असलेले नाते वाचता येते, असे कादंबऱ्या शिकवताना आपण वर्गात नेहमी सांगतो. मग हाच न्याय आपल्या स्वतःच्या घराला लावायला काय हरकत आहे?

आधी शब्दाविषयी. मराठीत 'गॅरेज' म्हटले की डोळ्यांसमोर येते ती मोटारी दुरुस्त करण्याची, तेलाने काळवंडलेली जागा. 'गाडी गॅरेजला टाकली आहे' या वाक्याचा अर्थ गाडी बिघडली आहे असाच होतो. घरातल्या गाडीच्या जागेला हा शब्द आपण पुढे लावला, आणि काम त्याच्याबरोबर आत आले. आमच्या गॅरेजात ते अक्षरशः आले. आमचे चुलते, ज्यांना सगळे घर आबा म्हणते, त्यांनी पडवीतली आपली सगळी हत्यारे तेथे मांडली: करवती, रंधा, पटाश्या, कानशी, गिरमिट, आणि अलीकडे घेतलेला विजेचा ग्राइंडर. भातलावणीच्या आधी कोयत्या-विळ्यांना दांडे बसवणे, फवारणीचा पंप खोलून साफ करणे, शेजाऱ्यांच्या पॉवर टिलरचा आवाज ऐकून त्याचे दुखणे सांगणे, हे त्यांचे आठवड्याचे पाच दिवस. शनिवारी पुण्याहून पुतणे येतात. त्यांच्याबरोबर गाडी येते, गाडीतून कॅरमचा बोर्ड येतो, आणि मागच्या दिवाळीपासून तेथे टीव्ही लावण्याची भाषा सुरू झाली आहे. धाकट्याने प्लायवूडचे पार्टिशन सुचवले. म्हणाला, "आबा, मागची बाजू तुमची, पुढची आमची. भांडणच नको." आबा म्हणाले, "अरे, मागच्या बाजूला उजेड कुठला येणार? आंधळ्यासारखा रंधा मारू का मी?"

या उत्तरात उजेडाइतकेच आणखी काही आहे असे आम्हांस वाटते.

पडवी तीन बाजूंनी बंद आणि एका बाजूने उघडी असते. भोरच्या पश्चिमेकडे पाऊस ज्या जोराने कोसळतो, तो पाहिलेल्यांना या उघड्या बाजूचे महत्त्व सांगायला नको. चार महिने बाहेर बसता येत नाही आणि आत धुराने बसवत नाही. अशा वेळी सारे घर पडवीत येते. तेथे दोर वळले जात, इरली दुरुस्त होत, नांगराचा मोडलेला भाग तासला जाई. आणि त्याच जागी, भुसा झाडून घेतल्यावर, श्रावणात पोथी लागे, गप्पा रंगत, पाहुणा झोपे. कामाची जागा आणि विसाव्याची जागा यांच्यामध्ये भिंत नव्हती. केरसुणी होती. दिवेलागणीला केरसुणी फिरली की जागा बदलली.

येथे आमच्या लेखणीला गहिवर येण्याची चिन्हे दिसत आहेत. तेव्हा थोडे थांबले पाहिजे. त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' हे १९१५ सालचे पुस्तक ज्यांनी अभ्यासक्रमासाठी का होईना वाचले आहे, त्यांना हे ठाऊक आहे की गावातले काम जातीजातींत वाटलेले होते, आणि ज्याच्या हाताने नांगर घडे त्याला नांगरधन्याच्या पडवीत बसायला मिळेलच असे नव्हते. कोणी पडवीत चढायचे, कोणी पायरीशी उभे राहायचे आणि कोणी अंगणाच्याही बाहेर थांबायचे, हे ठरलेले असे. पडवीची उघडी बाजू सर्वांसाठी उघडी नव्हती. म्हणून 'आपली जुनी पडवी किती लोकशाहीवादी होती' असे म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. तिच्याकडून घ्यायची आहे ती एकच गोष्ट: एकाच जागेत कष्ट आणि करमणूक पाळीपाळीने नांदू शकतात, हे तिला माहीत होते.

आता पार्टिशनवाल्यांच्या बाजूने बोलणारा एक पुरावा आपल्या संतपरंपरेतच आहे, आणि तो बलवान आहे. गोरोबाकाकांची कथा आपण सारे जाणतो. चिखल तुडवता तुडवता ते नामात इतके रंगले की रांगत आलेले मूल पायांखाली आले तरी त्यांना कळले नाही. या कथेचे भक्तिपर अर्थ पुष्कळ सांगितले गेले आहेत. आम्हांस ती वाचताना दरवेळी दुसराच तपशील खुपतो. मुलाची आई त्या वेळी पाणी आणायला गेलेली असते. 'जरा पोराकडे लक्ष ठेवा' एवढे सांगून ती गेलेली असते. काम आणि तल्लीनता यांनी एक अंगण वाटून घेतले, तेव्हा त्या अंगणावर लक्ष ठेवण्याचे तिसरे काम कोणाचे, हा प्रश्न कथेने विचारला आहे. उत्तर मात्र विठ्ठलावर सोपवले आहे. आमच्या गॅरेजात ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात, कोपऱ्यात पेट्रोलचा कॅन असतो आणि शनिवारी तेथे लहान मुले असतात. विठ्ठलावर किती सोपवायचे यालाही मर्यादा आहे.

बाईच्या वाट्याचा हा प्रश्न एकदा दिसला की मग सगळीकडे दिसू लागतो. घरातल्या कारखान्याचे मराठी माणसाला सर्वांत अभिमानाचे उदाहरण म्हणजे दादासाहेब फाळके. १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आणून त्यांनी आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली, आणि मग १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र' दादरच्या राहत्या घरातून उभा केला. ही साहसकथा आपण सांगतो. त्या घरात कोऱ्या फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके करीत, रसायने हाताळीत, आणि साऱ्या मंडळींचे जेवणही रांधीत, हे आपण जोडवाक्यासारखे सांगतो. घर कारखाना झाले तेव्हा दादासाहेबांना एक प्रयोगशाळा मिळाली. सरस्वतीबाईंचे घर मात्र घर म्हणून शिल्लक राहिले नाही, आणि घरकाम तर तसूभरही कमी झाले नाही.

आणि जाते? बायकांची कार्यशाळा आणि बायकांचा विरंगुळा एकाच दगडाभोवती फिरत असे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी मुळशी-मावळापासून सुरुवात करून गावोगावच्या बायकांकडून ज्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर जाते. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया'ने त्या क्रमाने लोकांपुढे आणल्या. पहाटेच्या अंधारात, पुरुष झोपलेले असताना, दोघी जणी समोरासमोर बसून एवढे वाङ्मय रचतात, याचे कारण ती जागा त्या वेळेपुरती केवळ त्यांची होती. पिठाची गिरणी आली आणि तो जीवघेणा कष्ट गेला. तो गेला हे उत्तमच झाले. जात्याची आठवण काढून हळहळणाऱ्या प्राध्यापकांनी पायलीभर जोंधळे दळून दाखवावेत. परंतु कष्टाबरोबर ती जागाही गेली, आणि तिच्या बदल्यात बायकांना कोणती जागा मिळाली, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. आमच्या घरच्या वादात आबांचा पक्ष आहे, पुतण्यांचा पक्ष आहे. काकूंचा पक्ष कोणता, हे त्यांना कोणी विचारलेले नाही. त्या दोन्ही पक्षांना चहा देतात.

असो. शब्दांकडे परत येऊ, कारण आमच्या मते या भांडणाचे मूळ शब्दांत आहे. मराठीत जागेलाही आणि वेळेलाही लागू पडणारी दोन विशेषणे आहेत: मोकळा आणि रिकामा. मोकळी जागा, मोकळा वेळ. रिकामी जागा, रिकामा वेळ. वरवर पाहता अर्थ एकच. पण रिकामा म्हटले की पाठोपाठ 'टेकडा' येतो, 'रिकामे उद्योग' येतात, भरून काढण्याची घाई येते. प्रश्नपत्रिकेतसुद्धा रिकाम्या जागा भरायच्या असतात. मोकळे म्हटले की मन मोकळे होते, श्वास मोकळा होतो, बांधलेले जनावर मोकळे होते. मोकळ्या जागेत सामान असू शकते. तेथे वावरता आले म्हणजे झाले. पुतण्यांना गॅरेजात हवी आहे ती रिकामी जागा, जी मग सोफ्याने आणि टीव्हीने भरता येईल. आबांजवळ आहे ती मोकळी जागा. ती हत्यारांनी गच्च भरलेली आहे, आणि तरी तेथे येणारा माणूस फळीवर टेकून तासभर बोलत बसतो. (हत्यारे आणि लाकूडसामान यांना आबा 'साहित्य' म्हणतात, हे आमच्या वाचकांसाठी सहज नोंदवून ठेवतो. आपल्या विषयाचे नाव सुताराच्या पिशवीशी वाटून घेतलेले आहे, हे बहुतेक साहित्यसंमेलनांत विसरले जाते.)

पुतण्यांचा थोरला संगणकाच्या धंद्यात आहे. त्याने एकदा आबांच्या बाजूने म्हणून एक युक्तिवाद केला. अमेरिकेत पालो आल्टोच्या एका भाड्याच्या गॅरेजात १९३८-३९ साली ह्यूलेट आणि पॅकार्ड यांनी आपला धंदा सुरू केला, १९८७ मध्ये ते गॅरेज ऐतिहासिक स्थळ ठरले. तेव्हा आबांची खटपट म्हणजे उद्याचा उद्योग असू शकतो. हेतू चांगला होता, पण हा बचाव आम्हांस हल्ल्याहून घातक वाटतो. खटपटीतून पुढे पैसा निघणार असेल तरच ती क्षम्य, असा त्याचा अर्थ होतो. शिवाय गॅरेजांच्या या दंतकथा तपासून घ्याव्यात. ॲपलच्या गॅरेजाची कथा ही बरीचशी दंतकथाच आहे, असे खुद्द वॉझ्नियॅकने २०१४ साली सांगून टाकले आहे. उदाहरणच हवे असेल तर आम्ही बेळगावचे घेऊ. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तेथे १८८८ साली सायकलचे दुकान काढले, पुढे लोखंडी नांगर केले, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, हा उद्योगाचा इतिहास झाला. पण त्याच कारखान्याच्या आवारातून १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढले. नांगरांच्या गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचणारे ते पत्रक वाढत वाढत मराठीतले एक महत्त्वाचे मासिक झाले, आणि १९३० साली त्याच्या शेजारी 'स्त्री' उभे राहिले. ओतशाळेच्या धुरात कोणाला तरी वाचावेसे वाटले, लिहावेसे वाटले. दोन्ही गोष्टी एका आवारात राहिल्या आणि एकीने दुसरीला हाकलले नाही. आम्हांस ही कथा पालो आल्टोपेक्षा आपली वाटते.

तर मग आंबवड्याच्या गॅरेजाचे काय करावे? आमचे मत विचारले गेले नव्हते, तरी आम्ही ते दिले. पार्टिशन नको. कामाचे टेबल शटरजवळच्या भिंतीला, उजेडात, आणि जमिनीला घट्ट बसवलेले असावे. हत्यारे भिंतीवरच्या फळीवर टांगावीत आणि प्रत्येकाच्या मागे त्याचा आकार रंगाने काढून ठेवावा, म्हणजे पटाशी जागेवर नाही हे कॅरम खेळणाऱ्यालाही दिसेल आणि मूल तिच्यावर बसण्याआधी ती सापडेल. पेट्रोलचा कॅन बाहेर, कुलपात. ग्राइंडरचे बटण लहान मुलाचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर, आणि पोरे आत असताना ग्राइंडर बंद. टीव्ही मुळीच नको. टीव्ही लागला की ज्याच्या हाती रिमोट त्याचीच जागा होते आणि इतर सगळे प्रेक्षक होतात. कॅरम खुशाल असावा, कारण कॅरमला उचलून भिंतीशी उभा करता येतो. संध्याकाळी केर काढायचा तो ज्याने भुसा पाडला त्याने, किंवा ज्याने शेंगांची टरफले टाकली त्याने. काकूंनी नव्हे. आणि शटर कामाच्या वेळी वर असावे. बंद शटरआड टिलरचे इंजिन सुरू केले तर त्याचा विषारी धूर माणसाला कळायच्या आत मारतो, हे एक कारण. दुसरे कारण असे की शटर वर असले तर रस्त्याने जाणारा थांबतो.

थोरल्याने विचारले, "आणि गाडी?"

गाडीचा प्रश्न खरा होता. सगळ्या वादात गाडीविषयी कोणी बोललेच नव्हते, जिच्यासाठी ती जागा बांधली होती. आबांनी फक्त एवढे सांगितले की पावसात भिजून गंजते ते रंध्याचे पाते. गाडीला रंग दिलेला असतो.

यावर निकाल लागला असे म्हणवत नाही. धाकट्याने पार्टिशनसाठी आणलेले प्लायवूड अजून भिंतीशी उभे आहे. त्यातल्या एका तुकड्याची आबांनी हत्यारांची फळी केली, दुसऱ्यावर पोरांनी कॅरमच्या गुणांचा तक्ता लिहिला. गाडी सध्या अंगणात असते. आषाढात आम्ही गेलो होतो तेव्हा भर दुपारी काकू तांदळाचे सूप घेऊन गॅरेजात आल्या आणि टेबलाच्या अलीकडच्या बाजेवर बसल्या. आबांनी कानस चालवायची थांबवली. "काय हवंय?" असे त्यांनी विचारले. "काही नाही," काकू म्हणाल्या, "इथं उजेड आहे," आणि त्या तांदूळ निवडू लागल्या. आबांनी थोडा वेळ वाट पाहिली, आणि मग टेबल हातभर बाजूला सरकवता येईल का, ते पाहायला खाली वाकले.